ऑफिसात कानठळ्या, मशिनीपाशी शांतता: कारखान्यातल्या स्पीकरचा आवाज जागेनुसार कसा ठरवायचा?

कारखान्याच्या गेटवरून स्पीकरवर सूचना होते. अकाउंट्समधले लोक दचकतात, कॅन्टीनमध्ये कुणीतरी आवाज बारीक करतं आणि प्रेस मशिनीपाशी ती कुणाला ऐकूच येत नाही. मग गेटवरचा माणूस ॲम्प्लिफायरचं मुख्य बटण आणखी फिरवतो. पण या बटणाने सगळ्याच स्पीकरचा आवाज एकदम वाढतो. अकाउंट्सवाले आणखी वैतागतात, प्रेस मशिनीपाशी फारसा फरक पडत नाही.

सूचना नीट कळायची असेल तर ती आसपासच्या गोंगाटापेक्षा साधारण १० डेसिबलने मोठी हवी. शांत ऑफिसात गोंगाट ५० डेसिबल असेल तर ६० पुरेत. मशिनींजवळ तो ८५ असेल तर ९५ लागतील. १० डेसिबलची वाढ कानाला जवळपास दुप्पट वाटते. म्हणजे या दोन जागांच्या गरजेत दहापटीहून जास्त फरक आहे.

तो भरून कसा काढायचा?

अशा ठिकाणी बहुतेक वेळा '१०० व्होल्ट लाइन'वरचे स्पीकर असतात. प्रत्येकात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर टॅप असतात, उदाहरणार्थ दीड, तीन आणि सहा वॉट. वायर कुठल्या टॅपला जोडली, त्यावर त्या स्पीकरचा आवाज ठरतो. मात्र वॉट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. दीडवरून सहावर गेलं तरी ६च. त्यामुळे शॉपफ्लोअरवर हॉर्न स्पीकर आणि वेगळा झोन लागतोच.

टॅप वाढवताना बेरीजही करायला हवी. सहा वॉटचे २० स्पीकर म्हणजे १२० वॉट. ॲम्प्लिफायर तेवढ्याच क्षमतेचा असेल तर त्याला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये आणखी एक अडचण असते. आवाज वाढवला की प्रतिध्वनीही वाढतो, शब्द एकमेकांत मिसळतात. तिथे दोन कर्कश हॉर्नपेक्षा माणसांच्या जवळ लावलेले, कमी आवाजाचे जास्त स्पीकर चांगले.

सगळ्यात धोकादायक वस्तू मात्र भिंतीवरचं साधं बटण आहे. मीटिंग रूममध्ये कुणी ते शून्यावर नेलं आणि तसंच सोडलं, तर आग लागल्याची सूचनाही तिथे पोहोचत नाही. यासाठी रिले असलेलं व्हॉल्यूम कंट्रोल मिळतं. आणीबाणीत त्याला सहसा २४ व्होल्टचा सिग्नल जातो आणि बटण कुठेही असलं तरी स्पीकर पूर्ण आवाजात वाजतो. त्यासाठीची जादा वायर ओढलेली नसेल तर रिले नुसता शोभेचा. कानात प्लग घालून काम करणाऱ्यांसाठी स्पीकरसोबत लुकलुकणारा दिवाही हवा.

हे सगळं तपासायचं ते मशिनी चालू असताना. रविवारी, बंद कारखान्यात प्रत्येक स्पीकर उत्तमच वाटतो. एकाने माइकवरून गाडीचे नंबर वाचावेत, दुसऱ्याने मशिनीपाशी उभं राहून ऐकू आलेले नंबर कागदावर लिहावेत आणि मग दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात.