घानात वाचलेली प्रत

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले संगणक ठप्प केले. न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे कामही थांबले. नेटवर्कचा कारभार पाहणाऱ्या सर्व्हरांच्या प्रती एकमेकींशी जोडलेल्या होत्या, त्यामुळे सगळ्या एकदम निकामी झाल्या. वाचली ती फक्त घानातली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती!

सतत जोडलेला बॅकअप मूळ फाइलींसोबतच बुडतो. म्हणून ३-२-१ हा नियम पाळा: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. कॉपी झाली की हार्ड डिस्क काढून ठेवा. अपडेट टाळू नका, अनोळखी लिंक उघडू नका. आणि बॅकअपमधल्या फाइली खरोखर उघडतात का, हे अधूनमधून तपासा.