घाट कोणता उतरायचा?

जुन्नरच्या पठारावरून कल्याणला जायचे, तर घाट एकच नाही. पाठीवर पिशवी टाकून निघालेला वाटसरू नाणेघाटाच्या दगडी वाटेने उतरून जाईल. टोमॅटोचे क्रेट भरलेला ट्रक मात्र माळशेजच्या वळणांवरूनच जाणार. दोन्ही वाटा बरोबर आहेत. कोणती घ्यायची हे ओझ्यावर ठरते. ओझ्याचा अंदाज चुकला, की वाट चुकलीच म्हणून समजा. ही साधी गोष्ट मनात ठेवली, तर संगणकशास्त्रातला एक अवघड म्हणून गाजलेला विषय आपल्यासारख्या सामान्य वाचकालाही सहज उमगेल.

नोंदी ठेवणे या भागाला नवे नाही. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे आणि नाणी यांची मोजदाद त्यात आकड्यांनिशी कोरलेली आहे. देशातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात त्याची गणना होते. आज नोंदी कातळावर नसून संगणकात असतात आणि त्या शेकड्यांनी नव्हे, कोटींनी मोजाव्या लागतात. सातबारा काढा, रेल्वेचे तिकीट घ्या, बँकेतली शिल्लक पाहा. प्रत्येक वेळी पडद्याआड कुठला तरी डेटाबेस तुमच्या प्रश्नाचे उत्तर शोधत असतो.

यात एक गंमत आहे. प्रश्न विचारणारा ‘काय हवे’ एवढेच सांगतो. ‘कसे शोधायचे’ ते सांगत नाही. वाट ठरवण्याचे काम डेटाबेसमधला एक भाग करतो. त्याला क्वेरी ऑप्टिमायझर म्हणतात. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतल्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली त्याची रीत मांडली: शक्य त्या वाटांचा खर्च आधी अंदाजाने काढायचा आणि सर्वांत स्वस्त वाट धरायची. आजचे बहुतेक ऑप्टिमायझर याच विचारावर उभे आहेत.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, जिल्ह्यातल्या पिकांची दहा लाख नोंदींची एक वही आहे आणि शेतकऱ्यांच्या बँक खात्यांची दुसरी. विचारणा अशी: जुन्नर तालुक्यात उन्हाळी टोमॅटो लावणाऱ्यांचे खाते क्रमांक द्या. असे शेतकरी पाचशे असतील, तर एकेक नाव घेऊन दुसऱ्या वहीत ते पान उघडणे सोयीचे. पण ते वीस हजार निघाले, तर वीस हजार वेळा पाने उलटत बसण्यापेक्षा दुसरी वही एकदाच सलग वाचून काढलेली बरी. संख्या थोडी असेल तर नाणेघाट, भरपूर असेल तर माळशेज!

मग ती संख्या ऑप्टिमायझरला कळते कशी? तो मोजत बसत नाही, कारण मोजण्यातच वेळ जाईल. तो शितावरून भाताची परीक्षा करतो. पोस्टग्रेस या प्रसिद्ध मुक्त डेटाबेसमध्ये, वही कितीही मोठी असली तरी, नेहमीच्या मांडणीत सुमारे तीस हजार ओळींचा नमुना घेतला जातो आणि त्यावरून टिपणे तयार होतात. समजा, टिपण सांगते की जुन्नरच्या नोंदी एकदशांश, टोमॅटोच्या एकविसांश आणि उन्हाळी हंगामाच्या एकदशांश. ऑप्टिमायझर तिन्हींचा गुणाकार करतो. उत्तर येते दोन हजारांत एक, म्हणजे दहा लाखांत पाचशे.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उभा असलेला कोणताही शेतकरी हा हिशेब ऐकून हसेल. हा गुणाकार तालुका, पीक आणि हंगाम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे धरून केलेला आहे. इथे तर सगळा संबंधच आहे! टोमॅटो जिल्हाभर सारखा शिंपडलेला नाही. आंबेगावच्या सातगाव पठारावर बटाटा, पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात हिरडा, भीमाशंकरच्या बाजूला धो धो पाऊस आणि पूर्वेकडे पाण्याची ओढ. जमीन, पाणी आणि पीक यांची सांगड ज्याने लहानपणापासून पाहिली आहे, त्याला जे सहज ठाऊक असते ते यंत्राला ठाऊक नसते. खरी संख्या वीस हजार असते आणि यंत्र पाचशेंच्या भरवशावर भलत्याच घाटाने निघते. दोन सेकंदांचे उत्तर मग अर्ध्या तासावर जाते.

वह्या दोनच्या दहा झाल्या, की दुसरी अडचण उभी राहते. दहा वह्या कोणत्या क्रमाने जोडायच्या, याच्या शक्यता छत्तीस लाखांवर जातात. बारा वह्यांच्या सत्तेचाळीस कोटींवर. जर्मनीतल्या फ्रायबर्ग येथील खाणविद्येच्या विद्यापीठाला या अडचणीचा प्रत्यक्ष अनुभव आला. विजेच्या जाळ्याच्या देखभालीसाठी तिथे एक सल्लागार प्रणाली उभारली जात होती आणि तिला पुष्कळ वह्या एकदम जोडाव्या लागत. त्यातून मार्टिन उटेश यांनी पोस्टग्रेससाठी निसर्गातल्या निवडीच्या तत्त्वावर चालणारा ऑप्टिमायझर लिहिला. बऱ्या वाटांचा संकर करून आणखी बऱ्या वाटा शोधायच्या, अशी त्याची रीत. बारा किंवा अधिक वह्या असल्या की पोस्टग्रेस नेहमीच्या मांडणीत हीच रीत वापरतो. एका विद्यापीठाची घरची अडचण साऱ्या जगाच्या सोयीची झाली ती अशी.

पोस्टग्रेसचा जन्मही विद्यापीठातलाच. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली हा प्रकल्प सुरू केला. पुढे तो थंडावत असताना १९९४–९५ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल ही सर्वमान्य प्रश्नभाषा जोडली आणि तो जगासमोर ठेवला. त्याची सगळी आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी, वापरावी. पैसे पडत नाहीत. तेव्हा या दारात सुधारणेची सूचना घेऊन उभा राहणारा विद्यार्थी उपरा नाही. हे घर विद्यार्थ्यांनीच सावरलेले आहे.

आपल्या महाराष्ट्रातही या विषयाची परंपरा आहे. पवईच्या आयआयटीतले प्रा. एस. सुदर्शन हे डेटाबेसच्या जगन्मान्य पाठ्यपुस्तकाचे एक लेखक. अनेक प्रश्न एकत्र आले असता त्यांच्यातले सामाईक काम एकदाच कसे करावे, यावर प्रसन्न रॉय, एस. शेषाद्री, सुदर्शन आणि सिद्धेश भोबे यांचा निबंध २००० साली सिग्मॉड या आंतरराष्ट्रीय परिषदेत आला. पोस्टग्रेसच्या ऑप्टिमायझरमध्ये थेट भर घालणाऱ्यांत आशुतोष बापट यांचे नाव आहे. त्यांची कल्पना सांगायला सोपी आहे. दोन्ही वह्या तालुक्यांप्रमाणे फाडून ठेवलेल्या असतील, तर जुन्नरची पाने जुन्नरशी आणि आंबेगावची आंबेगावशी जोडावीत. सगळ्यांचा ढीग करून कशाला शोधायचे? ही सुधारणा ऑक्टोबर २०१७ मध्ये मूळ आज्ञावलीत दाखल झाली आणि २०१८ च्या अकराव्या आवृत्तीतून जगभर गेली.

पण खरा धडा पुढेच आहे. ही सुधारणा स्वीकारली गेली, तरी त्या आवृत्तीत ती आपोआप चालू ठेवली नव्हती. ज्याला हवी त्याने ती चालू करून घ्यायची. का? तर प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र विचार करायचा म्हणजे ऑप्टिमायझरला विचारासाठीच जास्त वेळ आणि जास्त स्मृती लागते. ज्याच्या वह्या अशा विभागलेल्या आहेत त्याचा फायदा होईल. पण तो भार इतरांवर का टाकायचा? दहाव्या आवृत्तीने २०१७ साली आपल्या टोमॅटोच्या गुणाकारावर तोड काढली, तिथेही हाच विवेक दिसतो. ‘तालुका आणि पीक यांचा संबंध आहे’ असे वापरणाऱ्याने सांगितले, तरच यंत्र त्या जोडीचे वेगळे टिपण ठेवते. आपण होऊन सगळ्या जोड्या तपासायच्या, तर पन्नास रकाने असलेल्या वहीत सव्वाबाराशे जोड्या होतात. त्यांतल्या कोणत्या जोड्या टिपण ठेवण्याच्या लायकीच्या, हे कमी खर्चात कसे ओळखावे? बुद्धिमान विद्यार्थ्याने हात घालावा असा हा प्रश्न आहे.

हात घालायचा तो मात्र पुराव्यानिशी. पोस्टग्रेसला विचारले, तर तो आपला अंदाज आणि प्रत्यक्षात निघालेली संख्या शेजारी शेजारी छापून दाखवतो. चूक कुठे झाली ते तिथे उघड दिसते. मग उपाय लिहायचा, चाचण्या जोडायच्या आणि सर्वांसमोर मांडायचा. जाणकार त्याला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: तुझा एक प्रश्न वेगाने सुटला, पण बाकीचे हजार मंदावले नाहीत ना? या प्रश्नापाशी पुष्कळ हुशार कल्पना गळून पडतात. पहिलीच सूचना जशीच्या तशी स्वीकारली जाईल, अशी आशा कोणी धरू नये.

‘पण यातून मिळणार काय?’ असे आईवडील विचारतील आणि त्यात गैर काही नाही. परीक्षेत यासाठी वेगळे गुण नाहीत. गूगलच्या २००५ साली सुरू झालेल्या उन्हाळी उपक्रमातून अशा कामाला मानधन मिळू शकते. २०२२ पासून तो विद्यार्थ्यांबरोबरच इतर नवशिक्यांनाही खुला झाला; मात्र तिथे निवड व्हावी लागते. निवड झाली नाही तरी एक गोष्ट उरते. सूचना, तिच्यावरची टीका, केलेली दुरुस्ती हे सारे जाहीर असते. कोणी कसे काम केले, टीका कशी पचवली, हे पुढे नोकरी देणाऱ्याला प्रमाणपत्राशिवाय वाचता येते.

आंबेगावात अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जुन्नरच्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आकाशाचा वेध घेत असते. शेताच्या बांधाशेजारी जागतिक तोलामोलाचे काम चालू शकते, हे इथल्या मुलांना वेगळे सांगायला नको. त्यांच्यापैकी कोणी या वाटेला जाणार असेल, तर त्याने आधी आपल्याच बाजार समितीतल्या व्यवहारांसारखी एक खोटी वही संगणकावर तयार करावी, तिला तालुका, पीक आणि हंगाम विचारावा आणि यंत्राने किती धरले व किती निघाले ते पाहावे. दोन आकड्यांत जे अंतर दिसेल, तिथून त्याचे काम सुरू होते.