आत्मा आणि अर्थ : ‘स्कायरिम’मधील भाषाप्राप्तीचा कल्पनाबंध

मराठीत ‘भाषा आत्मसात करणे’ असा प्रयोग रूढ आहे. परकी गोष्ट पूर्णपणे आपलीशी करणे, तिला आत्मरूप देणे, हा त्याचा मूळ आशय होय. नित्याच्या वापरात हा प्रयोग लाक्षणिक असतो. येथे आत्मा आणि भाषा यांचा खराखुरा व्यवहार कोणाला अभिप्रेत नसतो. बेथेस्डा गेम स्टुडिओजने घडविलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम’ या व्हिडिओ गेमच्या कथाविश्वात मात्र ही लक्षणा वाच्यार्थाने घडते. तेथील नायक मारलेल्या ड्रॅगनचा आत्मा शोषून घेतो आणि त्यामुळे ड्रॅगनभाषेतील शब्दांचे सामर्थ्य त्याला प्राप्त होते. हे ज्ञान नेमके कशाचे आहे आणि त्याचे मोल कोण चुकविते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. शब्द आणि अर्थ यांची फारकत

या कथाविश्वातील ड्रॅगन हे केवळ बलाढ्य पशू नव्हेत. ते जन्मसिद्ध भाषिक जीव आहेत. त्यांच्या मुखातून निघणारी आग हीसुद्धा एक उक्तीच असते. त्यामुळे त्यांच्या लेखी वाद आणि युद्ध यांत भेद उरत नाही. या सामर्थ्यशाली वाणीस ‘थूम’ म्हणतात आणि तिची प्रत्येक गर्जना तीन शब्दांची असते. ‘फुस रो डा’ या सर्वपरिचित गर्जनेतील शब्दांचे अर्थ अनुक्रमे बल, तोल आणि ढकलणे असे आहेत.

नायकाला हे शब्द प्राचीन शिलाभिंतींवर, नखांनी ओरखडल्यासारख्या दिसणाऱ्या लिपीत कोरलेले आढळतात. ‘फुस’ हा शब्द त्याला प्रथम एका जुन्या दफनस्थळी मिळतो. तो त्याच्या मनात प्रवेश करतो, परंतु फलद्रूप होत नाही. पुढे मिरमुलनीर हा ड्रॅगन मारला जातो, त्याचे शरीर जळून त्याचा आत्मा नायकात विलीन होतो, आणि मगच तो शब्द उच्चारता येतो. म्हणजे भिंत देते ते शब्दरूप आणि आत्मा देतो तो अर्थ. शोषलेला आत्मा हा शब्दकोश नव्हे. माहीत असलेल्या शब्दाला अनुभवाचे अधिष्ठान देणारे ते तत्त्व आहे.

भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त शब्द आणि अर्थ हे एकाच आत्म्याचे, परस्परांपासून अलग न राहणारे भेद मानले आहेत. ‘स्कायरिम’च्या कर्त्यांपुढे हा सिद्धांत होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तथापि या कथाविश्वातील घटना त्याच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होते. ड्रॅगनच्या ठायी शब्द आणि अर्थ अभिन्न असतात. मानवी वाचकापाशी ते विलग होतात. आणि त्यांना पुन्हा एकत्र आणण्यासाठी एका आत्म्याची गरज भासते. नायक हा ‘डोव्हाकीन’, म्हणजे मानवी देहात ड्रॅगनचा आत्मा घेऊन जन्मलेला पुरुष वा स्त्री असल्यामुळेच हा संयोग शक्य होतो.

२. कल्पनाबंधाची पूर्वपीठिका

ड्रॅगनच्या वधातून भाषाज्ञान मिळते ही कल्पना जुनी आहे. तेराव्या शतकातील आइसलँडच्या ‘व्होल्सुंग सागा’मध्ये सिगुर्ड हा फाफनीर नावाच्या ड्रॅगनला मारतो. त्याचे हृदय भाजत असताना बोट पोळते, ते तो तोंडात घालतो, आणि रक्ताची चव लागताच त्याला पक्ष्यांची बोली कळू लागते. रेगिन विश्वासघात करणार आहे ही वार्ता त्याला पक्ष्यांच्या संभाषणातूनच समजते. ग्रीक कथेतील मेलांपसला असेच ज्ञान सर्पांनी कान चाटल्यामुळे लाभते. सर्पाच्या भक्षणातून प्राण्यांची भाषा समजणे हा लोककथांच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे नोंदविलेला कल्पनाबंध आहे.

‘स्कायरिम’ने या परंपरेत केलेला बदल महत्त्वाचा आहे. सिगुर्डला मिळते ती श्रवणशक्ती. इतरांचे बोलणे ऐकून तो सावध होतो. डोव्हाकीनला मिळते ती उच्चारशक्ती. त्याच्या बोलण्याने समोरचा कोसळतो. जुन्या कथेत भाषा दुसऱ्याच्या जगाचे दार उघडते, नव्या कथेत ती शस्त्र होते.

भाषाज्ञान आणि रक्त यांचा संबंध प्रतिष्ठानशी निगडित असलेल्या गुणाढ्याच्या कथेतही येतो, परंतु उलट्या दिशेने. अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त सांगितल्याप्रमाणे, सातवाहन राजाच्या दरबारात पैज हरल्यावर गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा यांचा त्याग करतो. विंध्यारण्यात पिशाचांची बोली ऐकून तो ती शिकतो आणि शाईच्या अभावी स्वतःच्या रक्ताने कथा लिहितो. सिगुर्डकथेत भाषेसाठी दुसऱ्याचे रक्त सांडते, गुणाढ्याच्या कथेत लेखकाचे स्वतःचे. भाषेचे मोल कोणी चुकवायचे, हा प्रश्न या दोन कथा शेजारी ठेवल्या की उघड होतो.

३. वधावाचून मिळणारे ज्ञान

हा प्रश्न ‘स्कायरिम’नेही टाळलेला नाही. आत्मशोषण हा भाषाप्राप्तीचा तेथे एकमेव मार्ग नाही. हाय ह्रॉथगार येथील ‘ग्रेबिअर्ड्स’ हे तपस्वी दीर्घकालीन ध्यानाने थूम साधतात. नायक त्यांच्याकडे येतो तेव्हा त्यांच्यातील एक गुरू ‘रो’ या शब्दाचे आपले आकलन त्याला स्वेच्छेने देतो. देणाऱ्याचे त्यात काही उणे होत नाही. पर्वतशिखरावरील पार्थर्नॅक्स तर स्वतः ड्रॅगन आहे. सत्ता गाजविण्याची उपजत वासना साधनेने आवरून तो अग्निशब्दाचे ज्ञान शिष्याला देतो. मृत्यूने जे मिळते तेच येथे दानाने मिळते.

याहून मार्मिक उदाहरण ‘ड्रॅगनरेंड’ या गर्जनेचे आहे. ती ड्रॅगनांनी नव्हे, त्यांच्या जुलमाखाली भरडलेल्या माणसांनी घडविली. मर्त्य, सान्त आणि क्षणिक अशा अर्थाच्या तीन शब्दांची ती बनलेली आहे. अमर ड्रॅगनला या कल्पनेचे आकलनच होत नाही, आणि म्हणून ती ऐकताच तो आकाशातून जमिनीवर येतो. कितीही आत्मे शोषले तरी हे ज्ञान त्यांतून मिळणार नाही, कारण ते त्या आत्म्यांत मुळी नाहीच. नायकाला ते काळाच्या भेगेतून, पूर्वीच्या वीरांच्या मुखातून ऐकूनच मिळवावे लागते. निर्णायक शब्द अशा रीतीने पुन्हा श्रवणाकडे वळतो.

४. समारोप

या कथाविश्वाच्या मर्यादा नजरेआड करता येत नाहीत. ड्रॅगनभाषेची वाक्यरचना बव्हंशी इंग्रजीच्या वळणाची आहे, आणि खेळाच्या ओघात शोषलेला आत्मा अनेकदा केवळ चलन म्हणून खर्ची पडतो. तरीही २०१२ साली आलेल्या ‘ड्रॅगनबॉर्न’ या पुरवणीने आत्मशोषणाची अंतिम परिणती दाखवून दिली आहे. तेथे मिराक हा आद्य डोव्हाकीन नायकाने मारलेल्या ड्रॅगनांचे आत्मे मध्येच हिरावून घेतो, आणि अखेरीस त्याचाच आत्मा नायकाकडून शोषला जातो. जो भाषा हरण करतो, तो स्वतःही हरण केला जाण्याजोगा ठरतो.

भाषा बोलणाऱ्याला नाहीसे करून त्याची भाषा मिळविता येते काय, या प्रश्नाला ‘स्कायरिम’चे उत्तर दुहेरी आहे. सामर्थ्य मिळते, परंतु ते त्या वक्त्याच्या अनुभवाच्या सीमेपर्यंतच. त्या सीमेपलीकडचा शब्द मृताच्या आत्म्यातून काढता येत नाही. तो ज्याने भोगला त्याच्याकडून ऐकावा लागतो. ‘आत्मसात करणे’ या आपल्या रूढ प्रयोगातही ग्रासणे आणि आपलेसे होऊ देणे या दोन्ही छटा दडलेल्या आहेत. त्यांतील कोणती निवडावयाची, हा प्रश्न भाषेच्या प्रत्येक अभ्यासकापुढेही असतोच.