पितळेची कडी घासूनही काळीच? आधी लॅकर काढा

लोह्यातून बोलतोय. हा आजच्या भागाचा लिखित अवतार, बसमध्ये ऐकताना सुटलेलं इथे वाचा.

आपल्याकडे जुनं घर पाडलं की दाराच्या कड्या, कोयंडे, मुठी थेट भंगारात जातात. किलोच्या भावानं. कामून, तर ‘कितीबी घासलं तरी काळंच राहतंय.’ पण बऱ्याचदा दोष पितळेचा नसतोच. त्यावर कारखान्यात मारलेला पारदर्शक थर असतो, लॅकर. तो जिथे फुटतो तिथून हवा आणि हाताचा घाम आत शिरतो, आणि खालच्या खाली डाग पसरतात. तुम्ही वरून चिंच घासताय, डाग काचेच्या आत!

ओळखायचं कसं? एका कोपऱ्यात चिंचेचा कोळ लावा. दोन मिनिटांत रंग उजळला तर तिथे लॅकर नाही. काहीच झालं नाही, किंवा कडेला पातळ पापुद्रा सुटलेला दिसला, तर लॅकर आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या वाड्याच्या कडीवर तो बहुधा नसतोच. मुरादाबादहून येणाऱ्या नव्या चकचकीत मालावर हमखास असतो.

अजून एक तपासणी. चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे, पितळेचा फक्त मुलामा. नाही चिकटला तरी मागच्या बाजूला बारीक ओरखडा काढून बघा. आत पांढरा धातू दिसला तर तोही मुलामाच. तो घासू नका, निघून जाईल.

आता काम. वस्तू दारावरून खोलून घ्या, नाहीतर थिनरनं दाराचं पॉलिशही जाईल. लहान वस्तू असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून स्टीलच्या जुन्या पातेल्यात पंधरा मिनिटं उकळा. पातेलं परत स्वयंपाकात नको. पापुद्रा सालीसारखा सुटतो. राहिला तर पेंटच्या दुकानातलं एनसी थिनर कापसावर घेऊन लावा, वरून प्लॅस्टिक गुंडाळा, थोड्या वेळानं पुसा. अंगणात करा, हातमोजे घाला. जवळ गॅस, देवाचा दिवा, बिडी काहीच नको. त्याची वाफ भडकते.

सँडपेपर आणि ग्राइंडर? नक्षी गेली की परत येत नाही. मी तर म्हणतो, त्यापेक्षा काळीच राहू द्या.

मग चिंच किंवा लिंबू-मीठ. पाच मिनिटांत धुवा. आंबट जास्त वेळ राहिलं तर वरचं जस्त निघून तांबं उरतं, आणि पितळ गुलाबी दिसतं. धुतल्यावर कोरडं पुसून उन्हात ठेवा.

शेवटी संरक्षण. रोज हात लागणाऱ्या कडीला मी मेण लावतो. गाडीचं वॅक्सही चालतं. पातळ थर, फडक्यानं चोळायचा, दोन-तीन महिन्यांनी परत. समईला काहीच लावू नका, ज्योतीच्या उष्णतेनं लॅकर करपतो. भिंतीवरच्या, हात न लागणाऱ्या शोभेच्या वस्तूला नवा क्लिअर लॅकर स्प्रे ठीक. पण आधी थिनरनं पुसून बोटांचा तेलकटपणा काढा, आणि पावसाळ्यात मारू नका. दमट हवेत तो पांढुरका पडतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा बघून करा.