खड्डा पडतो कधी? मे महिन्यात की जुलैमध्ये?



मागच्या जुलैत आमच्या आठवीच्या वर्गातली एक जागा पंधरा दिवस रिकामी होती. वडिलांच्या गाडीवर मागे बसून शाळेत येताना चाक पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात गेलं, दोघंही पडले आणि मुलीचा हात मोडला. प्लास्टर घालून ती वर्गात आली तेव्हा तिनंच विचारलं, "सर, उन्हाळ्यात तर तिथं खड्डा नव्हता. आठ दिवसांच्या पावसात एवढा मोठा कसा काय पडला?"

मी पटकन म्हणालो, "काम चांगलं केलं नसेल." पण त्यानं तिचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. मग आम्ही विज्ञानाचे दोन तास या प्रश्नालाच दिले. आपल्या विदर्भासारख्या कडक उन्हाच्या, काळ्या मातीच्या भागातल्या प्रत्येक शाळेला हा पाठ घेता येईल, म्हणून इथे मांडतो आहे.

रस्ता म्हणजे चिक्की

डांबरी रस्ता कशाचा असतो? मुलं म्हणतात, "डांबराचा." प्रत्यक्षात वरच्या थरात वजनानं साधारण ९५ टक्के गिट्टी आणि चुरी असते, डांबर फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. शेंगदाण्याची चिक्की आठवा. शेंगदाणे म्हणजे गिट्टी, गुळाचा पाक म्हणजे डांबर. भार गिट्टी पेलते, डांबर तिला धरून ठेवतं.

चिक्की करताना पाक गरम असतानाच लाटणं फिरवावं लागतं. गार झाल्यावर कितीही दाबा, ती बसत नाही. रस्त्याचंही तसंच. हॉटमिक्स प्लांटमध्ये गिट्टी आणि डांबर साधारण १५० ते १६५ अंश सेल्सिअसला एकत्र करतात. टिप्परवर ताडपत्री टाकून माल आणतात, तो गार होऊ नये म्हणून. पेव्हर यंत्र तो पसरतं आणि माल ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलर फिरवून संपवावा लागतो. उशीर झाला तर वरून रस्ता गुळगुळीत दिसतो, पण आत बारीक पोकळ्या राहतात. पाकही जास्त जळला की चिक्की कडक होऊन लगेच तुटते. डांबर जास्त तापवलं तर तेही असंच ठिसूळ होतं.

म्हणजे गरम हवा डांबरीकरणाची शत्रू नाही, उलट माल हळू गार होत असल्यानं कामाला मदतच होते. अमरावती-अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ३ ते ७ जून २०२२ या काळात ७५ किलोमीटरचा एकेरी डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनेस विक्रम म्हणून नोंद झाली. मुलांना ताशी वेग काढायला सांगा. तासाला साधारण ७१० मीटर येतो. आणि हेही सांगा, की अशा उन्हात दीडशे अंशांच्या मालाजवळ उभं राहून कुणीतरी फावडं चालवत असतं. रस्त्यानं जाताना त्या माणसांकडे आपलं लक्षही जात नाही.

डांबर हे रस्त्याचं छप्पर

मोहेंजोदडोचं महास्नानगृह मुलांना इतिहासात असतं. त्याच्या विटांमागे डांबरासारख्या नैसर्गिक पदार्थाचा थर दिला होता, पाणी झिरपू नये म्हणून. साडेचार हजार वर्षांपूर्वी माणूस डांबर वापरत होता ते पाणी अडवायला! आजच्या रस्त्यावरही हे त्याचं एक मोठं काम आहे.

(एक लहानशी दुरुस्ती: पूर्वी दगडी कोळशापासून निघणारं डांबर वापरत. आज रस्त्यावर दिसतं ते बिटुमेन, म्हणजे कच्चं तेल शुद्ध करताना तळाशी उरणारा भाग. बोलताना आपण दोन्हीला डांबरच म्हणतो.)

गावाकडच्या रस्त्यावर डांबराचा थर जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचा असतो. खाली दाबून बसवलेल्या खडीचे थर, त्याखाली मुरूम आणि सगळ्यात खाली आपली काळी माती. ही माती वाळली की दगडासारखी, भिजली की लोण्यासारखी. वरचं छप्पर शाबूत आहे तोवर खालचं घर कोरडं आणि मजबूत राहतं.

मे महिन्यात काय घडतं

काळा रंग ऊन शोषून घेतो. हवेचं तापमान ४५ अंश असतं तेव्हा डांबरी पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. म्हणूनच डांबराचा घट्टपणा ६० अंशांना मोजून त्याची प्रतवारी करतात. २००६ पासून आपल्याकडे व्हीजी-१०, २०, ३०, ४० अशा प्रती आहेत. आकडा जितका मोठा, तितकं डांबर घट्ट. जड वाहतुकीच्या, खूप तापणाऱ्या रस्त्याला व्हीजी-४० सारखं घट्ट डांबर लागतं. नाहीतर सिग्नलपाशी किंवा चढावर, जिथं भरलेले ट्रक हळू चालतात, तिथं चाकांखाली लांब चर पडतात.

गावाच्या रस्त्याचं दुखणं वेगळं. तिथं दोन गोष्टी घडतात.

पहिली: वर्षानुवर्षं ऊन आणि हवा लागून डांबर वाळतं. नव्या रस्त्याचा काळाभोर रंग राखाडी होतो, बारीक चुरी सुटून कडेला जमते. चिवट डांबर ठिसूळ होतं. त्यात मेमध्ये ६० अंश आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या आसपास, असं प्रसरण-आकुंचन चालू असतं. जाळीसारख्या बारीक भेगा पडतात.

दुसरी: काळी माती उन्हाळ्यात आकसते. शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तशीच रस्त्याच्या कडेखालची मातीही आकसते. मधली माती झाकलेली असते, म्हणून तिच्यात थोडा ओलावा टिकतो. कडेची वाळते आणि खाली बसते. मग कडेपासून हात-दोन हात आत, रस्त्याच्या लांबीनं सरळ भेग पडते.

या भेगा कुणाला टोचत नाहीत, म्हणून दिसतही नाहीत. पण छप्पर फुटलेलं असतं.

जुलैमध्ये काय घडतं

पहिल्या पावसाचं पाणी भेगेतून आत जातं. वरून चाक गेलं की ते दाबलं जातं, चाक पुढं गेलं की परत ओढलं जातं. असं दिवसातून शेकडो वेळा. डांबराची गिट्टीवरची पकड सुटते. पाणी खाली पोचलं की माती मऊ होते, वरचा तुकडा आधाराशिवाय लोंबकळतो आणि एक दिवस तुटतो. मग मागून येणारं प्रत्येक चाक त्याची कड उकरतं.

आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर हे असं. खड्डा दिसला जुलैमध्ये, पण पडायला सुरुवात मे महिन्यात, कदाचित त्याच्याही आधीच्या मे महिन्यात झाली होती.

मग दुरुस्ती कधी आणि कशी?

उत्तर सोपं आहे: भेग असतानाच, पावसाच्या आधी, कोरड्या दिवसांत. भेग झाडून स्वच्छ करायची आणि डांबर किंवा इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) भरून वर चुरी टाकायची. छपराचं एक कौल बदलण्याइतकं हे काम आहे. कौल बदललं नाही तर पुढं भिंत बांधावी लागते.

खड्डा पडलाच असेल तर नीट पद्धत अशी:

१. कडा घट्ट भाग लागेपर्यंत चौकोनी आणि उभ्या कापायच्या. गोल, उतरत्या कडेवर नवा माल टिकत नाही, पापुद्र्यासारखा निघतो.
२. सुटी गिट्टी, धूळ, पाणी सगळं काढायचं.
३. तळाला आणि कडांना इमल्शनचा पातळ हात द्यायचा, म्हणजे जुनं-नवं जुळतं.
४. खड्डा खोल असेल तर माल थरांत भरून प्रत्येक थर दाबायचा.
५. माथा किंचित उंच ठेवून रोलर फिरवायचा आणि कडांचे सांधे बंद करायचे.

आमच्या रस्त्यावर भर पावसात पाणी न काढताच खड्ड्यात मुरूम टाकला गेला. आठवड्यात तो चिखल होऊन वाहून गेला. पावसात तातडीचं काम करावंच लागतं, त्यासाठी थंड मिश्रणही मिळतं. पण तो मलम समजावा, पाऊस थांबल्यावर पक्कं काम हवंच.

आणि पाणी बाहेर जायला वाट हवी. डांबरी रस्ता मध्ये उंच असतो, कडेकडे दर मीटरला साधारण दोन-अडीच सेंटीमीटर उतार असतो. पण साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली किंवा नाली बुजली, तर तो उतार काय कामाचा?

वर्गात करून पाहा

*तापमान:* शाळेच्या आवारात, वाहनं नसलेल्या जागी, मार्च महिन्यात सकाळच्या शाळेत प्रयोगशाळेतल्या तापमापीनं डांबरी जागा, माती आणि कडुनिंबाखालची जमीन यांचं तापमान घ्या. तापाचा थर्मामीटर वापरू नका, तो ४२ अंशांपर्यंतचाच असतो.

*छप्पर:* वाळलेल्या काळ्या मातीची दोन ढेकळं दोन ताटल्यांत ठेवा. दोन्हींवर प्लास्टिकचा कागद घाला, एकाला ब्लेडनं चीर द्या (हे शिक्षकांनी करावं). वरून सारखंच पाणी शिंपडा, दहा मिनिटांनी अंगठ्यानं दाबा. फरक मुलं आपोआप सांगतील.

पालकांसाठी

एप्रिल महिन्यात घरापासून शाळेपर्यंत एकदा पायी जा. सोबत मुलाला घ्या, वही घ्या. जाळीच्या भेगा, कडेच्या लांब भेगा, बुजलेल्या नाल्या, तुंबलेल्या मोऱ्या यांच्या जागा लिहून ठेवा. रस्त्याच्या सुरुवातीला फलक असेल तर तोही वाचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांची पहिल्या पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते, आणि त्या रस्त्यांच्या तक्रारीसाठी 'मेरी सडक' हे ॲप आहे. बाकी रस्त्यांसाठी ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आमच्या आठवीच्या मुलांनी या एप्रिलमध्ये अशी यादी केली. शाळेपर्यंतच्या दोन किलोमीटरमध्ये अकरा जागा निघाल्या. यादी अर्जासोबत दिली आहे. पाच जागी भेगा भरून झाल्या, सहा बाकी आहेत. पाऊस पडायच्या आत त्या व्हाव्यात म्हणून दर सोमवारी दोन मुलं आणि मी विचारायला जातो. जिचा हात मोडला होता, ती त्या दोघांतली एक असते.

तुमच्या शाळेच्या वाटेवर किती जागा निघाल्या, ते नक्की कळवा.