आंबटाला गोड करणारे आफ्रिकेचे फळ : बोलबाला किती, धंदा किती?

कारोबारी बंधूंनो, कापडाच्या दुकानात बसून मी झाडाझुडपांवर लिहितो आहे याचे नवल वाटेल. पण कारण घडले. ओळखीच्या एका गृहस्थाने विचारले, "चाचा, आफ्रिकेचे एक चमत्कारी फळ आहे म्हणतात. साखरेची गरजच पडत नाही. रोपे विकणारा म्हणतो की चार पैसे गुंतवा, पुढे बसून खाल. काय करू?" त्याला तिथल्या तिथे जवाब देता आला नाही. म्हणून जे वाचले, विचारले, ते इथे मांडतो.

प्रथम हे स्पष्ट करतो की फळ खोटे नाही. पश्चिम आफ्रिकेत घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया या मुलखांतल्या दमट जंगलात हे झुडूप आपोआप उगवते. शास्त्रीय नाव सिन्सेपॅलम डल्सिफिकम. योरुबा लोक त्याला 'अग्बायुन' म्हणतात. आपल्या चिकूचे, खिरणीचे आणि बकुळीचे जे कूळ, तेच याचे. फळ लालभडक, दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे. आत एक मोठी बी आणि तिच्याभोवती पातळसा गर. तो गर स्वतः फारसा गोड नसतो. पण तो जिभेवर घोळवून मग लिंबू चोखले तर लिंबू साखरेच्या पाकातले वाटते. चिंच, कैरी, आंबट दही, सगळे गोड. हा असर साधारण अर्धा-पाऊण तास टिकतो, कधी त्याहून जास्त.

इंग्रजीत याला 'मिरॅकल फ्रूट' म्हणतात, म्हणजे चमत्काराचे फळ. मोजिझा हा शब्द आपण पैगंबरांसाठी राखून ठेवतो, म्हणून मी याला कुदरतीची करामत म्हणेन. ती करामत कशी चालते ते कापडवाल्याला चटकन समजेल. दुकानात ट्यूबलाइटखाली ग्राहकाला एक रंग पसंत पडतो, आणि तेच थान बाहेर उन्हात धरले की रंग वेगळा दिसतो. थान बदललेले नसते, उजेड बदललेला असतो. इथेही लिंबू बदलत नाही, जीभ बदलते. फळात एक प्रथिन असते, त्याला मिरॅक्युलिन म्हणतात. जिभेवर गोडी ओळखणारी जी केंद्रे आहेत त्यांना ते चिकटून बसते. तोंडात आंबट काही नसेल तर गप्प राहते. आंबट आले की ते केंद्र चेतवते आणि मेंदूला खबर जाते की गोड आले. १९६८ साली कुरिहारा आणि बाइडलर या शास्त्रज्ञांनी हे प्रथिन वेगळे काढून दाखवले.

तिथल्या लोकांना मात्र शास्त्रज्ञांची गरज पडली नव्हती. १७२५ च्या सुमारास देस मार्शे नावाचा फ्रेंच प्रवासी त्या किनाऱ्यावर गेला. लोक जेवणाआधी हे फळ चघळतात असे त्याने लिहून ठेवले. आंबवलेल्या मक्याची भाकरी आणि ताडी यांचा आंबटपणा त्यामुळे सुसह्य होतो. (ताडीशी आपल्याला कर्तव्य नाही, पण मक्याच्या आंबट भाकरीची गोष्ट खरी आहे.) १८५२ साली डॅनिएल नावाच्या इंग्रज डॉक्टराने याचे रीतसर वर्णन छापले. म्हणजे माल जगाला माहीत होऊन पावणेतीनशे वर्षांवर काळ लोटला. मग साखरेचे कारखाने बंद का पडले नाहीत? व्यापाऱ्याने विचारायचा सवाल हाच आहे.

याचा जवाब अमेरिकेतल्या एका किश्श्यात आहे. रॉबर्ट हार्वे नावाच्या माणसाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस मिरॅलिन नावाची कंपनी काढली. मधुमेह्यांना आणि वजन कमी करू पाहणाऱ्यांना साखरेशिवाय गोडी द्यायची, असा हिशेब होता. मोठे भांडवलदार आले. जमैका आणि पोर्टो रिको इथे लागवड झाली. फळाच्या अर्काच्या गोळ्या बनवल्या. मुलांना बर्फाचे गोळे चाखायला दिले, तर साखरेच्या गोळ्यापेक्षा या फळाचा लेप असलेला गोळा मुलांना जास्त आवडला. माल तयार, मागणी तयार. आणि १९७४ साली, बाजारात उतरायच्या तोंडावर, तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने कळवले की हा पदार्थ नुसते फळ धरता येत नाही. तो अन्नात घालायचा नवा घटक आहे, म्हणून वर्षानुवर्षांच्या चाचण्या करून तो निर्धोक असल्याचे सिद्ध करा. तेवढा पैसा आणि धीर कोणाकडे उरला नव्हता. माणसे कामावरून काढावी लागली, कंपनी बुडाली. १९७७ साली अर्जही फेटाळला गेला. आपल्यावर पाळत ठेवली गेली, कचेरीत चोर शिरले, असे हार्वे पुढे सांगत असे. साखरवाल्यांचा हात होता असा संशय त्या वेळेपासून बोलला जातो. सिद्ध काही झाले नाही. मला स्वतःला वाटते की साखरवाल्यांचा हात असो वा नसो, परवाना हाती येण्याआधी एवढे भांडवल पणाला लावणे हीच घोडचूक होती. आपल्यात किती जण गाळ्याचे कागद बघण्याआधी पागडी मोजून देतात, ते आठवा.

पण सरकारी कागद हे एकच अडथळे नाही. मालच अडचणीचा आहे. तोडलेले फळ दोन-तीन दिवसांत खराब होते. उष्णता लागली की प्रथिनाचा गुण जातो, त्यामुळे शिजवून मुरंबा, शरबत, मिठाई असले काही करता येत नाही. हलवाई बंधूंनी इथेच हे फळ सोडून द्यावे. गोठवून वाळवण्याच्या यंत्राने भुकटी किंवा गोळी करावी लागते, आणि ते यंत्र महाग. शिवाय गर पातळ, बी मोठी, म्हणजे ढीगभर फळांतून चिमूटभर माल. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. साखर चहात पडली की चहा गोड होतो, पिणारा कोणीही असो. हे फळ मात्र प्रत्येक खाणाऱ्याने आधी स्वतः चघळले पाहिजे, आणि वरून पदार्थ आंबट पाहिजे. चहाला, खिरीला, शीरखुर्म्याला याचा काही उपयोग नाही. साखरेची जागा ते घेणार तरी कशी?

त्यामुळे जगात आज त्याचा जो धंदा आहे तो लहान आणि महागडा आहे. तैवान, फ्लोरिडा अशा ठिकाणी बागा आहेत, गोळ्या विकल्या जातात, शौकीन लोक दावतीत गंमत म्हणून लिंबे खातात. जपानमध्ये त्सुकुबा विद्यापीठाच्या संशोधकांनी जनुक घालून टोमॅटोत हे प्रथिन आणून दाखवले. तो प्रयोग बाजारापर्यंत पोचला तर झुडपाची गरज कितीशी राहील, याचाही विचार व्हावा. कर्करोगाच्या औषधांनी ज्यांच्या तोंडाची चव बिघडते अशा काही रुग्णांना जेवण गोड लागावे म्हणून हे देऊन पाहिले गेले आहे. युरोपीय संघाने २०२१ साली वाळवलेल्या फळाला पूरक आहार म्हणून मंजुरी दिली. हार्वेच्या वेळेपासून मोजले तर जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

आता आपल्या मुलखाचे. या झुडपाला आम्लधर्मी जमीन लागते. देशावरच्या काळ्या चुनखडीच्या रानात ते पिवळे पडेल. कोकणातली जांभ्याची माती आणि दमट हवा त्याला मानवू शकते. पण बीपासून लावले तर पहिले फळ यायला तीन-चार वर्षे जातात, वाढ अगदी मंद, आणि बी वाळली की उगवण्याची ताकद जाते. म्हणून पुडीत भरलेले सुके बी कोणी पोस्टाने विकत असेल तर घेऊ नका. आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे ज्या खाद्यपदार्थाची मानके आपल्या देशात ठरलेली नाहीत तो विकण्याआधी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मंजुरी लागते. रोपे विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा की तो कागद कोणाच्या नावे आहे. दुसरा प्रश्न, फळ परत विकत घेणार कोण, आणि ते लेखी देतो का? सागवानाच्या योजना आणि इमूपालन ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगायला नको. त्या धंद्यांत रोपे आणि पिल्ले विकणाऱ्यांनी कमावले, पाळणाऱ्यांच्या गळ्यात माल राहिला.

मधुमेही बांधवांसाठीही दोन शब्द. हे फळ औषध नव्हे, त्याने रक्तातली साखर उतरते असे समजून गोळी बंद करू नका. आणि गोड लागते म्हणून दहा लिंबे खाल्ली तर जीभ फसेल, पोट फसणार नाही. आम्ल तेवढेच आत जाते.

त्या गृहस्थाला मी सांगितले की मुद्दल कपाटात राहू दे. हौस असेल तर एकच रोप घे, कुंडीत आंबट माती भर, सावलीत ठेव आणि पाण्याचा ताण पडू देऊ नकोस. चौथ्या-पाचव्या वर्षी फळ आले तर मला बोलाव, लिंबे मी घेऊन येईन.