औषधचाचणीत भाग घेण्यापूर्वी

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी सभासदांच्या उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी सूचना चालक मंडळींनी केली, तेव्हा मला प्रथम माझी एक चूकच आठवली.

काही वर्षांपूर्वी माझी थोरली आपा मधुमेहासाठी शहरातील एका रुग्णालयात जात असे. तेथे एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. आपाला तीत भाग घेण्याविषयी विचारण्यात आले. तिला लिहितावाचता येत नाही. म्हणून कागदावर तिचा अंगठा उमटला आणि साक्षीदार म्हणून मी सही केली. पुष्कळ पानांचा तो कागद मी वाचलाच नाही. परत येताना आपाने विचारले, "अरे, त्यात काय लिहिलं होतं रे?" आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा, असे वर्षानुवर्षे मुलांना बजावणाऱ्या मला उत्तर देता आले नाही. आपाला काही अपाय झाला नाही हे खरे. पण त्याचे श्रेय माझ्याकडे नाही. त्यानंतर या विषयाची जी माहिती मिळविली, ती येथे देतो.

प्रथम चाचणी म्हणजे काय ते पाहू. साधा ताप चार दिवसांत आपोआप उतरतो आणि यश मात्र चौथ्या दिवशीच्या काढ्याला मिळते. हा भ्रम टाळण्यासाठी स्वयंसेवकांचे दोन गट करतात. कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते. एका गटाला नवे औषध देतात. दुसऱ्याला जुने औषध, अथवा दिसायला तसेच पण गुण नसलेले द्रव्य देतात. आपल्याला काय मिळाले हे पुष्कळदा स्वयंसेवकाला आणि डॉक्टरलाही ठाऊक नसते. पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांवर औषध निर्धोक आहे का ते पाहतात, दुसऱ्यात मात्रा व परिणाम अजमावतात, तिसऱ्यात मोठ्या संख्येवर तुलना करतात.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी पुढे आले त्यांना ती देऊन, न घेतलेल्या कैद्यांशी तुलना केली. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीती ओसरली. मात्र गजाआडच्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो? म्हणूनच आज कैद्यांना विशेष संरक्षण द्यावयाच्या गटात धरतात.

आता घराजवळचे उदाहरण घ्या. २०२० साली कोरोनाच्या कोव्हॅक्सिन लसीची पहिली चाचणी देशातील मोजक्या रुग्णालयांत झाली. त्यांत आपल्या पेडणे तालुक्यातील धारगळचे रेडकर रुग्णालय होते. पहिल्या टप्प्यात देशभर ३७५ निरोगी स्वयंसेवक होते. त्यांपैकी ३०० जणांना लसीचे तीन प्रकार दिले आणि ७५ जणांना लसीवाचून केवळ पूरक द्रव्य टोचले. तिसऱ्या टप्प्यात २५ केंद्रांवर २५,७९८ माणसे होती. हिशेबात घेतलेल्या दोन गटांत प्रत्येकी सुमारे साडेआठ हजार माणसे होती. लस घेतलेल्यांपैकी २४ जण आजारी पडले, न घेतलेल्यांपैकी १०६. हा फरक कळला तो, ज्यांच्या वाट्याला लस आली नाही अशा हजारोंच्या सहकार्यामुळेही.

अशा चाचण्या शोधाव्यात कोठे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची एक नोंदवही आहे. तिचे नाव क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, इंडिया. जुलै २००७ मध्ये ती सुरू झाली व जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना तीत नोंद सक्तीची झाली. एप्रिल २०१८ पासून तर पहिला स्वयंसेवक घेण्यापूर्वीच नोंद व्हावी लागते. ती इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. मजकूर इंग्रजीत आहे. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींची मदत घ्यावी. रोगाचे नाव घालून शोधावे आणि केंद्रांच्या यादीत गोवा, बेळगाव, कोल्हापूर पाहावे. नोंदीत टप्पा, खर्च करणारी संस्था, कोणत्या वयाची व प्रकृतीची माणसे घेतात, भरती चालू आहे की संपली, नीतिसमितीची मंजुरी आणि जबाबदार डॉक्टरचा पत्ता हे सारे असते. त्यानंतर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजसारख्या शिक्षणसंस्थेतही चौकशी करता येते. नव्या औषधाची चाचणी म्हणून कोणी सांगितले आणि नोंदवहीत ती सापडली नाही, तर तेथून उठून यावे.

सही करण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. माझे चालू औषध बंद होणार का? किती वेळा यावे लागेल? तेरेखोलच्या माणसाला हा प्रश्न लहान नाही. केरीची फेरीबोट चुकली की दिवस मोडतो; तेव्हा प्रवासखर्च कोण देणार हेही विचारावे. अपाय झाल्यास रात्री कोणाला बोलवावे? २०१९ च्या नियमांनुसार, चाचणीत इजा झाल्यास उपचार मोफत करावे लागतात आणि ती चाचणीमुळेच झाल्याचे ठरल्यास भरपाई द्यावी लागते. माहिती स्वयंसेवकाला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागते. वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो, आणि सारे समजावून सांगितले जाईपर्यंत त्याने हजर राहावयाचे असते. केवळ सहीपुरता तो नसतो, हे मला उशिरा कळले. शिवाय स्वयंसेवकाला केव्हाही, कारण न देता, बाहेर पडता येते. त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारात खंड पडता कामा नये.

एक गैरसमज मात्र काढून टाकला पाहिजे. चाचणी म्हणजे फुकटचा इलाज नव्हे. तेथे आपल्या देहाच्या साहाय्याने एका प्रश्नाचे उत्तर शोधले जाते. ते उत्तर कदाचित आपल्या नव्हे, पुढच्या पिढीच्या कामी येईल. म्हणून आशेला भुलून होकार देऊ नये, तसाच "आमच्यावर प्रयोग करतात" म्हणून आंधळा नकारही देऊ नये. समजून दिलेला होकार हे दान आहे. न समजता दिलेला होकार नुसता अंगठा होय.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या हाती असा कागद आला, तर तो घेऊन रविवारी सकाळी माझ्याकडे यावे. आपण दोघे मिळून तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचू. आपाच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. निदान आपल्या घरातील प्रश्न तरी अनुत्तरित राहू नयेत.